आमच्या ओळीची वीज तोडून मिळण्याबाबत

दिनांक : १७ ऑक्टोबर

प्रति,
मा. उपविभागीय अभियंता,
वीज वितरण कार्यालय,
नामुसोन्दे, दक्षिण प्रांत, झांबिया.

अर्जदार : श्रीमती नामुंगा मुचिंदू, व्यवसाय बन भाजून विकणे, राहणार शाळेमागची ओळ, नामुसोन्दे.

विषय : शाळेमागच्या ओळीतील सर्व घरांचा वीजपुरवठा खांबावरून आजच्या आज तोडून मिळण्याबाबत.

संदर्भ : १) माझी पहिली तक्रार. तीवर आपल्या कार्यालयाचा शेरा : 'पुरवठा योग्य आढळला.'
२) माझी दुसरी तक्रार. तीवर शेरा : 'काम पूर्ण.'

महोदय,

विषयाची ओळ वाचून माझी लिहिण्यात चूक झाली असे आपणास वाटेल. खिडकीवरच्या लिपिक साहेबांनाही तसेच वाटले. 'तोडून' खोडून 'जोडून' करण्यासाठी त्यांनी मला स्वतःचे पेन दिले. चूक झालेली नाही. लोक वीज यावी म्हणून आपल्या दारी येतात, मी ती जावी म्हणून आले आहे. असे का, ते सांगायला थोडी जागा लागेल, त्याबद्दल क्षमा असावी.

१. आमची ओळ म्हणजे एका खांबाभोवतीची नऊ घरे. पहिले माझे; घरात मुलगा लुएंडो आणि सासूबाईही असतात. माझे पती चीलो तंबाखूच्या शेतावर ट्रॅक्टर चालवतात आणि मी विजेच्या भट्टीत बन भाजून बस थांब्यावर विकते. आमच्या शेजारी श्री. हाकालिमा आणि त्यांच्या पत्नी राहतात. हाकालिमाकाका तांब्याच्या खाणीतून घरी आले ते छातीत खाणीची धूळ घेऊनच. मिशन रुग्णालयाने त्यांना हवेतून प्राणवायू काढणारे एक यंत्र दिले आहे. त्याची नळी नाकाला लावून ते दिवसभर खुर्चीत असतात. समोर श्रीमती बिलिका सियाबुयू यांचे दुकान आहे. कोंबडी आणि मासळी ठेवायला त्यांच्याकडे मोठे फ्रीझर आहेत. ओळीच्या मधोमध पाण्याचा नळ आहे, लोखंडी पाइपाचा. सगळ्या ओळीला तेवढाच एक.

२. यंदा ऑगस्टमध्ये थंडी सरता सरता माझे बन फिके निघू लागले. वेळ तीच, पीठ तेच, पण वरून पांढरे आणि आतून ओले. भट्टीची तार जुनी झाली असेल असे समजून मी ती बदलून घेतली. फरक पडला नाही. त्याच सुमारास हाकालिमाकाका मला हसत म्हणाले, "नामुंगा, तुझी भट्टी लागली की माझ्या खोलीत दुपार होते." मला वाटले, म्हाताऱ्याची थट्टा चालली आहे. त्यांनी मला घरात नेऊन बसवले आणि चीलोला भट्टी लावायला सांगितले. छताचा पिवळा बल्ब बघता बघता पांढराफटक झाला आणि प्राणवायूच्या यंत्राचा आवाज चढला, चढावर ट्रॅक्टरचा चढतो तसा. चीलोने भट्टी बंद केली आणि बल्ब पुन्हा पिवळा झाला. काका म्हणाले, "बघ. तुझ्या घरचं बटण, माझ्या घरचा सूर्य." आम्ही दोघेही हसलो. महोदय, ते हसणे आठवले की आज माझ्या अंगावर काटा येतो.

३. त्यानंतर बल्ब फुटू लागले. काकांचा रेडिओ जळाला, शेवटच्या घरातल्या मास्तरांचा टीव्ही जळाला. ओळीतल्या लोकांनी दोन आणि दोन चार केले : नामुंगाची भट्टी लागली की आमच्या वस्तू मरतात. ते खोटे बोलत नव्हते, मी स्वतः पाहिले होते. मी भट्टी बंद ठेवली, तरी दिवे नाचतच राहिले. दुकानातले फ्रीझर सुरू झाले की कुठल्या घरात उजेड वर जाई, कुठल्या घरात खाली. श्रीमती बिलिका यांच्याकडे तर तो नेहमी खालीच. त्या दारात उभ्या राहून म्हणत, "तुमच्याकडे बल्ब फुटेस्तोवर वीज येते आणि माझ्याकडे काजव्याएवढी. तक्रार मी करायची की तुम्ही?"

तक्रार मी केली. आपली माणसे सकाळी आली. पुरुष कामावर, मुले शाळेत, काकांचे यंत्र आणि दुकानातले फ्रीझर तपासणीपुरते बंद; कुणाच्याच घरी काही चालू नव्हते. त्यांनी माझ्या घरात मीटर लावला, तो दोनशे तीस दाखवू लागला, आणि त्यांनी 'योग्य' लिहिले. मी म्हटले, "साहेब, मी भट्टी लावते, मग बघा." ते म्हणाले, "बाई, बल्ब स्वस्तातले आणता, मग दोष विजेचा?" आणि गाडीत बसले.

४. आता पुढे जे घडले ते क्रमाने लिहिते.

शाळेच्या कार्यक्रमासाठी बनांची मागणी आली होती. एकदाच, थोडा वेळ, असे म्हणून मी भट्टी लावली. ट्रे आत सरकवला आणि बाहेर बादली आपटल्याचा आवाज आला. ओरडणे नाही, काही नाही. मी दारातून पाहिले तर हाकालिमाकाकू नळ धरून उभ्या होत्या. तोंड उघडे, आवाज नाही. पाणी त्यांच्या पायांवर सांडत होते आणि नळ धरलेला हात खांद्यापासून कापत होता. मी हाक मारली. त्यांनी डोळे माझ्याकडे वळवले, हात सुटेना. ट्रे ओढायचा लांब लाकडी उलथा माझ्या हातातच होता. मी त्यांच्या मनगटावर तो सगळ्या ताकदीने मारला. हात सुटला आणि त्या मागे पडल्या. मी आधी आत पळाले, भट्टी बंद केली, मग त्यांच्याकडे आले. शुद्धीवर येऊन त्या पहिले वाक्य बोलल्या ते असे : "मनगट मोडलंस गं माझं. बरं केलंस."

त्यांना उचलत असतानाच त्यांच्या घरातून जळल्याचा वास आला. प्राणवायूचे यंत्र बंद पडले होते. काका खुर्चीच्या काठावर पुढे वाकून बसले होते, ओठ निळे पडलेले. बायको बाहेर पडलेली त्यांना दिसत होती आणि उठता येत नव्हते. चीलोने शेतावरून ट्रॅक्टर-ट्रॉली आणली. दोघांना गादीवर घालून मिशन रुग्णालयात नेले. वाटभर मी काकांच्या तोंडावर टोपलीच्या झाकणाने वारा घालत होते. त्याचा काही उपयोग नसतो हे मला नर्सने नंतर सांगितले.

दोघेही वाचले. काकांना दुसरे यंत्र मिळाले, काकूंच्या हाताला प्लास्टर लागले. त्या दिवसापासून मी माझ्या भट्टीच्या बटणाला हात लावलेला नाही. बन कोळशाच्या शेगडीवर पत्र्याच्या पेटीत भाजते. ते बन काळे होतात, पण त्यांनी कोणी मरत नाही.

५. माझ्या दुसऱ्या तक्रारीवर आपल्या कार्यालयाच्या अभियंता मिस मुबिता आल्या. त्यांनी आधी सगळ्या घरांतून चालू-बंद काय काय आहे ते विचारले, मग मला म्हणाल्या, "लावा भट्टी." मी नाही म्हटले. त्यांनी सर्वांना नळापासून दूर उभे केले, काकांचे यंत्र बंद करायला लावून त्यांना तेवढ्यापुरती रुग्णालयातून आणवलेली प्राणवायूची बाटली दिली, आणि भट्टी स्वतः लावली. माझ्या घरचा आकडा खाली आला. काकांच्या घरचा तीनशेच्या पार गेला. त्यांनी लगेच भट्टी बंद केली, माणूस खांबावर चढवला आणि वरून खाली आलेला तारेचा तुकडा आम्हाला दाखवला. तो हिरवा पडला होता आणि टोकाला वितळला होता.

त्यांनी सांगितले ते मला समजले तसे लिहिते. खांबावर तीन तारा वीज आणतात, घरे त्या तिघींवर वाटलेली असतात. चौथी तार ती वीज परत नेते. आमची ती परतीची तार सांध्यावर गंजून सुटली होती. परतीचा रस्ता गेला की एका घरातून निघालेली वीज दुसऱ्या घरातल्या वस्तूंमधून वाट काढते. जिथे जास्त चालू असेल तिथे जोर कमी पडतो आणि जिथे एखादाच बल्ब असेल तिथे वाढतो. उरलेली वीज जमिनीचा रस्ता शोधते, आणि आमच्या घरांची जमिनीची तार पाण्याच्या पाइपाला बांधलेली असल्याने तो रस्ता नळातून जातो. आणि ज्या वेळी सगळे बंद असते त्या वेळी मीटरला सर्व काही ठीकच दिसते.

मी त्यांना विचारले, "म्हणजे माझ्या भट्टीनंच केलं ना?" त्या म्हणाल्या, "भट्टीनं भट्टीचं काम केलं. तार तुटली ती आमची." महोदय, या एका वाक्याने मला त्या रात्री झोप लागली. आपल्या कार्यालयातील कोणी आम्हाला असे बोलल्याचे ते पहिले.

मिस मुबिता तेव्हाच पुरवठा तोडणार होत्या. त्यांना अडवले ते आम्ही. काकांचे यंत्र घरात चालू होते आणि सगळी ओळ त्यांच्यासाठी हात जोडून उभी राहिली. श्रीमती बिलिकाही राहिल्या, त्यांच्या कोंबड्यांसाठी. शेवटी मिस मुबितांनी तात्पुरता जोड करून दिला. नवी तार आणि पक्का सांधा प्रांताच्या भांडारातून आणून सोमवारी बसवते, तोवर भट्टी आणि फ्रीझर लावू नका, असे बजावले. सोमवारी त्या आल्या नाहीत. तलावाकडच्या वादळात पडलेल्या लायनींवर त्यांची रवानगी झाली असे कळले.

६. गेल्या आठवड्यातल्या वाऱ्यात तो तात्पुरता जोड सुटला. आम्हाला खांबावर चढून बघावे लागले नाही. काकांचा बल्ब पांढरा झाला आणि त्यांनी स्वतःच यंत्राचे बटण बंद करून काठीने भिंत ठोकली. त्यांना मी म्हटले, "काका, दवाखान्यात जावं लागेल." ते म्हणाले, "तेच सांगायला बोलावलं. हे यंत्र माझ्यापेक्षा जास्त घोरतं, तसाही कंटाळलो होतो. मला पोचवा आणि मग त्या लोकांना म्हणावं, माझं नाव सांगून वीज चालू ठेवू नका." सध्या ते रुग्णालयाच्या व्हरांड्यात खाटेवर आहेत. या अर्जावर पहिली सही त्यांची आहे.

मी आपल्या कार्यालयात आले. खिडकीवर सांगण्यात आले की काम पूर्ण झाल्याची नोंद आहे, आणि पूर्ण झालेल्या कामाची तक्रार घेता येत नाही. मग मी म्हटले, निदान वीज तोडा. लिपिक साहेबांनी विचारले, "थकबाकी आहे?" मी म्हटले, मीटर प्रीपेड आहे, थकबाकी कशी असेल? "मग तोडायची कशाला? युनिटं विकत घेऊ नका, आपोआप जाईल." मी म्हटले, माझी जाईल, नऊ घरांची कशी जाईल? त्यांनी पुस्तक चाळले आणि म्हणाले, "अख्ख्या खांबाचा पुरवठा कायमचा काढायचा तर घरं पाडणार असल्याचा दाखला लागतो. पाडणार आहात का?"

ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. पण घरी जाताना मी खरोखर विचार करत होते की एखादी भिंत पाडली तर चालेल का.

७. तेव्हा ओळीने आपापसांत ठरवले की वीज येण्याच्या पाळीला सर्वांनी घरचे मुख्य बटण पाडून ठेवायचे. वीज सध्या सगळीकडेच पाळीने मिळते आणि लोक ती येण्याची वाट पाहत बसतात. आमच्या ओळीत लोक ती जाण्याची वाट पाहतात. वीज गेली की बायका बादल्या घेऊन बाहेर येतात, पोरांच्या आंघोळी होतात, कुणीतरी गाऊही लागते. वीज यायची वेळ झाली की नळाभोवती काटेरी फांद्या रचतात.

आठ घरांनी बटण पाडले. श्रीमती बिलिका यांनीही पाडले असे आम्ही धरून चाललो. काल संध्याकाळी मास्तरांचा बोकड फांद्यांतून डोके घालून नळाचे ठिबकणारे पाणी प्यायला गेला आणि जागीच पडला. पाय ताठ, डोळे उघडे. आम्ही सगळ्यांनी दुकानाकडे पाहिले. फ्रीझरचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

मी तिकडे गेले. मला भांडता येत नाही. मी म्हटले, "बिलिका, तुझ्या एकट्या घराची वीज नळातून परत जाते आहे." ती म्हणाली, "बोकड म्हातारा होता." मग ती खाली बसली आणि म्हणाली, "आत सगळी उधारीची मासळी आहे, लुएंडोच्या आई. ती सडली तर मी माझ्या पोरांना काय घालू? तू तुझी भट्टी बंद करून शेगडीवर गेलीस. मासळी शेगडीवर गार होते का?" तिने बटण पाडले. पण महोदय, मी तिचे डोळे पाहिले आहेत. आज वीज आली की ती पुन्हा ते वर करील. तिच्या जागी मी असते तर मीही केले असते, आणि मला सर्वांत जास्त भीती याच गोष्टीची वाटते. नऊ घरांत कोणी ना कोणी, केव्हा ना केव्हा, बटण वर करणारच.

८. आता शेवटची गोष्ट, जिच्यासाठी मी आज धावत आले.

बोकड ओढून बाजूला केल्यावर माझे पती मागच्या निलगिरीच्या राईत गेले आणि लांबलचक दांडा तोडून आले. मी विचारले, कशाला? ते म्हणाले, "ते तोडत नसतील तर मी तोडतो." ट्रान्सफॉर्मरच्या वर जे तीन फ्यूज लटकतात ते दांड्याने खाली पाडायचे, असे त्यांनी आपल्या माणसांना करताना पाहिले आहे. मी मिस मुबितांचे शब्द त्यांना सांगितले : तिथे वर अकरा हजार व्होल्ट आहे, ताज्या लाकडात ओल असते, त्या कामाची काठी वेगळी असते. ते म्हणाले, "दोन दिवस उन्हात ठेवतो, वाळेल. आणि बूट रबरी आहेत."

माझे पती शांत माणूस आहेत. रागाने बोलले असते तर मी घाबरले नसते. सकाळी उठून पाहते तर दांडा उन्हात भिंतीला टेकवलेला, आणि ते त्याला हात लावून बघत होते. मी त्यांना म्हटले, मला अर्ज द्यायला एकटीला भीती वाटते, सोबत चला. हे निम्मे खरे होते. ते आले आहेत. बूट घालूनच आले आहेत.

तरी माझी आपणास अशी विनंती आहे :

आमच्या ओळीचा पुरवठा आपल्या माणसांच्या हातून, आपल्या काठीने, आज संध्याकाळच्या पाळीपूर्वी तोडावा. परतीची तार पक्की बसेपर्यंत, कोणीही, अगदी मी स्वतः येऊन रडले तरी, तो जोडू नये. संदर्भ २ मधील 'काम पूर्ण' हा शेरा रद्द करावा, म्हणजे कोणाला तरी ते काम करता येईल. श्रीमती बिलिका यांची मासळी तेवढ्यापुरती ठेवायला बर्फ किंवा दुसऱ्या ओळीतला फ्रीझर मिळत असल्यास पाहावे. हे आपल्या अखत्यारीत नसेल हे मला कळते, पण ते झाल्याशिवाय बाकीचे टिकणार नाही. आणि घरे पाडण्याचा दाखला लागतच असेल तर तो कोरा द्यावा, मी सही करते.

खांब कोणता ते सांगून कळणार नाही, कारण त्यावरचा नंबर पुसला आहे. म्हणून आपली गाडी निघेल तेव्हा आम्हा दोघांना तीत घ्यावे. आम्ही मागे उभे राहू.

आपल्या दाराबाहेरच्या बाकावर बसलेली,
आपली नम्र,
नामुंगा मुचिंदू

सोबत :
१) ओळीतील आठ घरांच्या सह्या. हाकालिमाकाकूंनी प्लास्टरमुळे डाव्या हाताने केली आहे. नववे घर श्रीमती बिलिका यांचे. त्यांनी सही केलेली नाही, पण कागद फाडलाही नाही.
२) मिस मुबितांनी दाखवलेला तारेचा तुकडा, कागदात गुंडाळून.

ता. क. : लिपिक साहेब जेवायला गेले आहेत, म्हणून हा अर्ज अजून माझ्याच हातात आहे. आपले दार बंद आहे आणि आत आपण फोनवर बोलताना ऐकू येते. बोलावल्याशिवाय आत जाऊ नये अशी पाटी आहे, म्हणून आम्ही थांबलो होतो.

आत्ता माझ्या डोक्यावरचा पंखा फिरू लागला. पाळी संध्याकाळची होती. आमची ओळ याच लायनीवर आहे. नळाजवळ माझ्या सासूबाई बसल्या आहेत, पोरांना हाकलायला, आणि त्यांना वाटते आहे की वीज यायला अजून अवकाश आहे. चीलो पंख्याकडे बघून बाकावरून उठले आहेत. एका हाताने मी त्यांची बाही धरली आहे, दुसऱ्या हाताने हे लिहिते आहे.

मी बोलावण्याची वाट न पाहता आत येत आहे.